उथळ पाण्यातला सान्दोलो

व्हेनिसचं नाव काढलं की डोळ्यांपुढे गोंडोला येतो. काळाभोर, सुमारे ११ मीटर लांब, पुढच्या टोकाला लखलखता धातूचा फणा. तो देखणा आहेच. पण माझा जीव जडला तो त्याच्या शेजारून निमूट सरकणाऱ्या सान्दोलोवर. सपाट तळाची, हलकी, कसलाही डामडौल नसलेली ही वल्ह्याची होडी. मासेमारी, शिकार, बाजारहाट, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणं-येणं, सारं तिच्यावर चाले.

तिला घडवलं पाण्यानंच. व्हेनिसभोवतीचं लगून, म्हणजे समुद्राला जोडलेलं खाऱ्या पाण्याचं सरोवर, पसरलंय सुमारे ५५० चौरस किलोमीटर, पण बहुतेक ठिकाणी पाणी कमरेइतकंच. ओहोटी लागली की चिखलाचे उंचवटे उघडे पडतात. खोल वाट कुठून जाते ते कळावं म्हणून ओकचे खांब एकत्र बांधून गाळात रोवलेले असतात. खोल पोटाची नौका इथे रुतलीच समजा. म्हणून सान्दोलोचा तळ सपाट, आणि म्हणूनच वल्हवणारा बसत नाही. तोंड पुढे करून उभा राहतो. उभ्यानं पाहिलं की पाण्याच्या बदलत्या रंगावरून गाळ कुठे वर आलाय ते कळतं.

वल्हं टेकतं फोर्कोलावर. अक्रोडाच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेला हा आधार होडीच्या काठाला खोचलेला असतो, लागेल तेव्हा काढूनही घेता येतो. वल्हं त्यात अडकवलेलं नसतं, नुसतं टेकलेलं असतं. पुढे जायचं तर एका खाचेत, थांबायचं किंवा मागे यायचं तर दुसऱ्या वळणावर; मनगट फिरतं आणि होडी ऐकते. वल्ही आणि फोर्कोला घडवणाऱ्यांना तिथे रेमेर म्हणतात. असे कारागीर आता मोजकेच उरलेत. लोक फोर्कोला शिल्प म्हणून विकत घेतात, चौथऱ्यावर बसवून दिवाणखान्यात ठेवतात. त्या कारागिराचं घर त्यावर चालत असेल तर मला आनंदच आहे. तरी कोरडा पडलेला फोर्कोला पाहताना जीव हळहळतो.

सान्दोलोचं कूळ मोठं. सडपातळ मास्कारेता, डौलदार पुपारिन, आणि बदकांच्या शिकारीसाठी पुढे लांबलचक बंदूक रोवलेला स्चोपोन.

या साऱ्यांचा वैरी एकच: यंत्राच्या बोटीची लाट. व्हेनिसकर तिला मोतो ओन्दोझो म्हणतात. ती विटांच्या सांध्यांतला चुना ओढून नेते, घरांचे पाये पोखरते, खाऱ्या गवताच्या बेटांच्या कडा ढासळवते. उभ्यानं वल्हवणाऱ्याचा तोलही तीच हिसकावते. १९७५ साली या लाटेविरुद्ध गावकरी घोषणा देत बसले नाहीत. ते आपापल्या होड्या घेऊन पाण्यात उतरले. त्यातून वोगालोंगा जन्मली: सान मार्को चौकापुढून निघून बुरानो बेटाला वळसा घालून परत, सुमारे ३० किलोमीटर, केवळ वल्ह्यांच्या बळावर. ही शर्यत नव्हे; ज्याचा त्याचा वेग. आज जगभरातून हजारो वल्हवणारे येतात. इतका सुंदर निषेध मला दुसरा माहीत नाही. मोठ्या प्रवासी जहाजांना जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आली ती मात्र २०२१ साली. इतकी वर्षं का लागावीत, याचा मला अजून राग येतो.

गोंडोलाला पर्यटक सांभाळतात. सान्दोलोला सांभाळायला गावातली माणसंच हवीत, आणि ती आहेत. वल्हवणाऱ्यांच्या मंडळांनी सामायिक होड्या राखल्या आहेत. दप्तर टाकून आलेली मुलं तिथे उभ्यानं तोल धरायला शिकतात. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मोठ्या कालव्यात रेगाता स्तोरिका ही वल्ह्यांच्या होड्यांची शर्यत भरते. तीत बायका मास्कारेतांतून उतरतात, एकेका होडीत दोघी. काठावर गर्दी ओरडत असते, फोर्कोलांवर वल्ही करकरतात. एरवी या बायका सराव करतात ते त्याच लगूनमध्ये, टॅक्सीबोटींच्या लाटा अंगावर घेत.