छायाचित्रांची वसुली

बँकेतील माझ्या छत्तीस वर्षांच्या नोकरीपैकी सात-आठ वर्षे थकीत कर्जांच्या वसुलीत गेली. निवृत्तीनंतर पुन्हा वही काखेत मारून गावोगाव फिरावे लागेल, असे कधी वाटले नव्हते. तरीही तसा योग आला. या वेळी मात्र ज्यांच्या दारी गेलो, त्यांच्याकडे माझे काहीच येणे नव्हते. येणे होते ते माझ्या पत्नीचे, आणि थकबाकीदार मीच होतो.

त्याचे असे झाले. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ च्या पुरात खणभागातील आमच्या घराच्या पहिल्या पायरीला पाणी लागून परतले होते. गेल्या हंगामाच्या भावावरून व्यापाऱ्याने यंदाचा अंदाज बांधावा, तशी आम्ही ती पायरी हिशेबात धरली आणि फसलो. रात्री पाणी चढू लागल्यावर मी माळ्यावर काय काय नेले, ते क्रमाने सांगतो : ठेवींच्या पावत्या, घराचे खरेदीखत, विम्याची कागदपत्रे, पासबुके, वडिलांच्या जुन्या वह्या आणि माझे एम. कॉम.चे प्रमाणपत्र. सौ. दोनदा म्हणाली, "अहो, पलंगाखालची ट्रंक तेवढी वर घ्या." मी दोन्ही वेळा "घेतो" म्हणालो. त्या ट्रंकेत आमच्या लग्नाचा अल्बम होता.

नऊ दिवसांनी घर उघडले. ट्रंकेत गाळ होता आणि अल्बमची पाने एकमेकांना घट्ट चिकटली होती. मी घाईने तो अल्बम तसाच उन्हात ठेवला आणि उरलेसुरलेही घालवले. छायाचित्राचे रंगरूप कागदावरच्या सरसासारख्या पातळ थरात असते. भिजला की तो फुगतो आणि वाळताना समोरच्या पानाला कायमचा धरून बसतो. भिजलेली छायाचित्रे स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलक्या हाताने सुटी करावीत आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवावीत, हे मला फार नंतर कळले. सौ. काही बोलली नाही. एवढेच विचारले, "ठेवींच्या पावत्या कोरड्या आहेत ना?" त्या विचारण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

तिच्या मौनाचे कारण मला माहीत होते. तिचे वडील, आप्पा, जयसिंगपूरचे अडत व्यापारी. आमचे लग्न मे १९८४ मधले. १९८६ साली हृदयविकाराने ते अचानक गेले. कॅमेरा दिसला की बाजूला सरकणारा हा माणूस मुलीच्या लग्नात तेवढा सापडला होता. दुकानात हार घातलेले एक छायाचित्र आहे, पण त्यात स्टुडिओवाल्याने सुरकुत्या पुसून चेहरा गुळगुळीत केला आहे. सौ. म्हणायची, "हे आप्पा नव्हेत, हे दुकानाचे मालक आहेत."

करोनाची दोन वर्षे सरल्यावर मी कामाला लागलो. आमच्याकडचा अल्बम गेला असला, तरी लग्न काही आम्ही दोघांनीच पाहिले नव्हते. आलेल्या पाहुण्यांपैकी कोणाकडे काही असेलच. पण चाळीस वर्षांपूर्वीचे पाहुणे आठवायचे कसे? तेथे माळ्यावरच्या कागदांनीच हात दिला. वडिलांच्या वह्यांत आहेराची वही निघाली. नाव, गाव, आणि पुढे 'रोख ११' किंवा 'स्टीलचा डबा १', अशा ओळी वडिलांच्या वळणदार अक्षरात होत्या. त्यावरून बावीस घरांची यादी केली. फोनवर बहुतेकांनी "आमच्याकडे काही नसेल" असे सांगितले. वसुलीच्या अनुभवाने मला एक ठाऊक होते : फोनवरचे 'नाही' हे समोर बसून चहा पिताना बरेचदा 'पाहतो' होते.

पहिली फेरी जयसिंगपूरची. अंकलीचा पूल ओलांडून उदगाव मागे टाकले की हे गाव येते. शाहू महाराजांनी आपल्या जन्मदात्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या, नावाने ही व्यापारपेठ वसवली. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे, आणि गल्ल्यांना चक्क क्रमांक. खतावणीच्या पानासारखे आखलेले गाव आहे हे. आप्पांची पेढी आता सौ.चा भाचा पाहतो. लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा स्टुडिओ केव्हाच बंद झाला आहे. तेथे मोबाइलचे दुकान आहे. जुन्या निगेटिव्ह भंगारात गेल्या, असे त्याच्या मुलाने सांगितले. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदीचा अंश असतो आणि तो काढून घेणारे लोक त्या विकत घेत. किती लग्ने अशी वितळून गेली असतील!

पेढीच्या मागच्या खोलीत मात्र आमच्या लग्नाचे एक चौकटीतले छायाचित्र सापडले. दमटपणाने ते काचेला चिकटले होते. भाचा पातळ सुरी घेऊन आला. मी त्याचा हात धरला. असे चित्र काचेवरून ओढले, तर अर्धे काचेवरच राहते. आम्ही चौकट तशीच उजेडात तिरपी धरली, मागे काळे कापड टांगले आणि काचेवरूनच मोबाइलने प्रत घेतली. वधू, वर आणि भोवती चौदा माणसे. आप्पा नव्हते. "ते पंगतीकडे असतील," भाचा म्हणाला.

दुसरी फेरी इचलकरंजीची. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी येथे पहिला यंत्रमाग आणला, आणि आज या गावाची ओळखच त्या खटखटाटाने होते. मेहुणीच्या घरी शेजारच्या मागांच्या आवाजावर आवाज चढवून मी येण्याचे कारण सांगितले. तिने कपाटातून एक रंगीत छायाचित्र काढून दिले. रंग उडून सगळे लालसर झाले होते. एका कडेला सदऱ्याची बाही आणि अक्षता धरलेला हात आला होता. "हा हात आप्पांचा," मेहुणी म्हणाली. "अंगठी ओळखते मी." हात मिळाला, माणूस मिळाला नाही. तरी प्रत घेतली आणि वहीत नोंद केली.

तिसरी फेरी बार्शीची, माझ्या आत्याकडे. लग्नाला ती नॅरोगेजच्या गाडीने मिरजेपर्यंत आली होती. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेचे रूळ अवघ्या अडीच फुटांच्या अंतरावर होते. आज त्याच मार्गावर ब्रॉडगेज आहे, त्यामुळे मी कुर्डुवाडीपर्यंत आरामात गेलो. आत्याचे वय तेव्हा शहाऐंशी. मुले डाळींची अडत करतात. तिने देवघराशेजारच्या फडताळातून एक पाकीट काढले. छायाचित्रांच्या पाठीवर पेन्सिलीने तारखा होत्या.

"बस बाळ, एकेक सांगते," ती म्हणाली आणि बोट ठेवत गेली. अकरा माणसांच्या एका छायाचित्रातील अकराही जणांची नावे, गावे आणि नाती तिने सांगितली. त्यांतली सात माणसे आता नाहीत. मी लिहून घेत होतो. एका कोपऱ्यात चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा उभा होता. त्याच्या गळ्यात कातडी पट्ट्याची पेटी होती.

"हा कोण, आत्या?"

"हा तुझ्या बायकोचा मामेभाऊ, बेळगाव-शहापूरचा. दिवसभर गळ्यात ते धूड अडकवून हिंडत होता. पंगतीला बसला तरी काढले नाही."

म्हणजे लग्नात दुसरा कॅमेरा होता! आहेराच्या वहीत त्या मुलाचे नाव असण्याचे कारण नव्हते. वही आमच्या बाजूची होती आणि तो मुलीकडचा. आत्या नसती, तर हा धागा हाती लागला नसता. सहा महिन्यांनी आत्या गेली. माझ्या वहीतली ती अकरा नावे आता दुसरे कोणी सांगू शकेल असे वाटत नाही.

चौथी फेरी बेळगावची. मिरजेहून निघालेली गाडी कुडचीच्या अलीकडे कृष्णा ओलांडते. पुलावरून जाताना मी खाली पाहिले. ज्या नदीने आमची ट्रंक भरली, तीच येथे संथपणे पूर्वेला निघाली होती. शहापूर हा आज बेळगावचाच भाग असला, तरी पूर्वी तो सांगली संस्थानात होता. तेथील खडेबाजारात मामेभावाचे साड्यांचे दुकान आहे. तो आता पन्नाशी ओलांडलेला, टक्कल पडलेला गृहस्थ. मी कॅमेऱ्याचे नाव काढताच लहान मुलासारखा हसला. "दाजी, तो आग्फा क्लिक थ्री! वडिलांनी दहावीत जाताना घेऊन दिला होता. एका रोलमध्ये बाराच फोटो. एकेक जपून काढायचा."

कुंदा खाऊन झाल्यावर त्याने दुकानाची एक जुनी चोपडी आणली. पानांच्या मधे पातळ कागदाच्या पिशवीत निगेटिव्हच्या चार पट्ट्या होत्या. बारापैकी नऊ छायाचित्रे त्या वेळी छापून नातेवाइकांना वाटली होती. "बाकीच्या तीन वाया गेल्या, दाजी. एकात मी हललो, एकात माझे बोट आले, आणि एकात आप्पांचे लक्षच नव्हते."

ती पट्टी मी खिडकीशी धरली. निगेटिव्हमध्ये सारे उलटे दिसते. पांढरी टोपी काळी आणि काळी सावली पांढरी. चेहरा कळत नव्हता, पण बसण्याची ढब कळली. मामेभावाला रीतसर पावती लिहून दिली, 'निगेटिव्ह पट्टी १, परत करण्याच्या अटीवर', आणि ती दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून सांगलीला आणली.

प्रत छापून आली त्या दिवशी सौ. गहू निवडत बसली होती. मी काही न बोलता छायाचित्र तिच्यापुढे ठेवले. मांडवामागची मोकळी जागा आहे. मोठे हंडे, पत्रावळींचा गठ्ठा. आप्पा एका पोत्यावर टेकले आहेत, खांद्यावर पंचा आहे. त्यांनी कपाळाशी आडवा हात धरला आहे आणि ते वर, पश्चिमेकडे पाहत आहेत. जमिनीवरच्या सावल्या लांब झाल्या आहेत. आपल्या घरांत हे वेगळे सांगायला नको : शेवटची पंगत सूर्यास्ताआधी उठायला हवी, म्हणून ते दिवस किती उरला हे मोजत होते.

तिने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

"अजून जेवले नाहीत," ती म्हणाली.

मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळाने तीच पुढे म्हणाली, "सगळे उठल्यावर बसणार होते. तेवढ्यात सूर्य मावळला. त्या दिवशी आप्पा जेवलेच नाहीत. मला आक्काने चार दिवसांनी सांगितले."

तेव्हा मी, पुरानंतर प्रथमच, म्हणालो, "ट्रंक माझ्यामुळे राहिली." ती म्हणाली, "माहीत आहे मला." आणि छायाचित्र सुपात न ठेवता वर कोनाड्यात ठेवले.

गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतणीचे लग्न झाले. कार्यालयाच्या दारात क्यूआर कोडचा फलक लावला होता, पण तो वापरून छायाचित्रे पाठवणारे थोडेच निघाले. मग मीच पाहुण्यांची यादी घेऊन बसलो आणि आठ दिवसांत सर्वांना फोन केले. उशीर झाला की लोक मोबाइल बदलतात किंवा जागा करण्यासाठी छायाचित्रे पुसून टाकतात. व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र पाठवले की ते बारीक होते आणि त्यातली तारखेची नोंदही गळते. म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितले. वयस्कर पाहुण्यांच्या घरी स्वतः गेलो. सगळा संच तीन ठिकाणी ठेवला : सांगलीत, पुण्यात मुलाकडे आणि बेळगावात मामेभावाकडे. एका नदीच्या काठी सगळे ठेवू नये, एवढे आम्ही शिकलो आहोत. कागदी प्रतींच्या पाठीवर नावे लिहिली, तीही मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब समोरच्या बाजूला उमटतो.

वाचकांनी आपल्या घरची एक आहेराची वही काढून पाहावी, एवढीच विनंती. तिच्यातल्या नावांपैकी जे आज चेहरे ओळखून सांगू शकतात, त्यांच्याकडे आधी जावे. छायाचित्र फडताळात थांबते, सांगणारा थांबत नाही.

पुतणीच्या लग्नाची छायाचित्रे निवडताना घरातली मुले हसऱ्या चेहऱ्यांची आधी घेतात आणि बाकीची पुसायला निघतात. मी त्यांना थांबवतो. ज्यांत कोणाचे तरी कॅमेऱ्याकडे लक्ष नाही, ती मी आधी बाजूला काढून ठेवतो.