पखवाजाची डावी बाजू

रावेतमध्ये पवनेच्या काठाने उंच इमारती उभ्या राहिल्या, तरी सकाळी सात दहाच्या बातम्या रेडिओवरच ऐकणारे काही जण गावठाणात आहेत. त्यांच्यातल्या एका आजोबांनी आपला दोन बँडचा जुना ट्रान्झिस्टर माझ्याकडे आणला. भजनी मंडळात ते पखवाज वाजवतात. तक्रार अशी, की मुंबई लावलं तर सेट शांत असतो आणि पुणे लावलं की बुलेटसारखा भकभकतो.

जवळच्या तगड्या स्टेशनवरच बिघाड, हे ऐकून माझा हात एजीसीकडे, म्हणजे सिग्नलची पातळी आपोआप राखणाऱ्या जोडणीकडे गेला. डिटेक्टरच्या डायोडवर स्टेशनच्या जोराइतका व्होल्टेज तयार होतो. तो एका रेझिस्टर-कंडेन्सरमधून संथ करून मागे आयएफच्या, म्हणजे डिटेक्टरआधीच्या वर्धकाच्या, पहिल्या ट्रान्झिस्टरला द्यायचा. स्टेशन जोरात आलं की त्या ट्रान्झिस्टरची ताकद आपोआप उतरते. हॅरॉल्ड व्हीलर या अमेरिकी अभियंत्याने १९२५ साली ही युक्ती काढली. रात्री शॉर्टवेव्हवर सिलोनचा आवाज लाटेसारखा बुडायचा आणि वर यायचा, तेव्हा तो शक्य तितका सावरून धरायची हीच.

पण मागे जाणाऱ्या या निरोपाला उशीर होता कामा नये. प्रत्येक रेझिस्टर-कंडेन्सर जोडी त्याला थोडी रखडवते. अशा तीन सारख्या जोड्या ओळीने आल्या, तर एका ठरावीक गतीला निरोप नेमका उलट्या वेळी पोचतो: ‘कमी कर’ म्हणेपर्यंत आवाज कमी झालेलाच असतो, मग तो आणखी खाली जातो, पुन्हा उसळतो. स्टेशन जितकं तगडं तितकी निरोपाची पकड घट्ट, म्हणून झोके पुण्यावर आणि मुंबईवर काही नाही.

व्हॉल्यूम पूर्ण बंद करून मी एजीसीच्या तारेवर काट्याचा मिटर लावला. अशा कामाला मी डिजिटल मिटर घेत नाही, काटा जे दाखवतो ते आकड्यांच्या धावपळीत हरवतं. स्पीकर गप्प होता आणि काटा सेकंदाला तीनदा झुलत होता. म्हणजे दोष ऑडिओत नव्हता. उलगडून पाहिलं, तर आधी कुणीतरी ‘फिल्टर चांगला व्हावा’ म्हणून १० मायक्रोफॅरडची जादा जोडी घातली होती आणि ट्रान्झिस्टरच्या बेसवरही तसाच मोठा कंडेन्सर बसवला होता. जादा जोडी काढली, बेसवर ०.०४७ चा लहान लावला. मूळचा कंडेन्सर सुकत आला होता, तिथे हाताशी असलेला १ मायक्रोफॅरडचा बसवला. काटा स्थिर झाला. सेट परत दिला.

दोन दिवसांनी आजोबा आले. म्हणाले, ‘‘भकभक गेली. पण याच्या पखवाजाला कणीकच लावलेली नाही.’’

डाव्या बाजूला कणीक नसली की पखवाज घुमत नाही. ते बरोबर होते आणि चूक माझी होती. तिथल्या ८.२ किलोओहमच्या रेझिस्टरबरोबर १ मायक्रोफॅरड म्हणजे ८ मिलिसेकंद. एवढी चपळ एजीसी पखवाजाच्या डाव्या बाजूचा घुमारसुद्धा स्टेशनचा चढउतार समजते आणि दाबून टाकते. उजवी बाजू इतकी भराभर हलते, की तिथवर एजीसीचा हात पोचत नाही. ती ठणठणीत राहते. मिटरला यातलं काही दिसत नाही.

नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तिथेही सिग्नलची पातळी आपोआप राखणारी यंत्रणा आहे, आणि पल्सारचं निरीक्षण करताना ती बंद ठेवता येते. नाहीतर ताऱ्याचे ठोकेच सपाट व्हायचे. पातळी राखायची कशाची आणि मोकळं सोडायचं काय, हे यंत्राला आपणच सांगावं लागतं, आणि या सेटमध्ये सांगायचं ते एका कंडेन्सरच्या आकड्यातून.

१ काढून १० मायक्रोफॅरड लावला: ८२ मिलिसेकंद. एकच जोडी संथ, बाकीच्या तिच्यापुढे क्षणाच्या. ७९२ किलोहर्ट्झवर एक अभंग लागला होता. आजोबा स्टुलावर बसले, डावा पंजा गुडघ्यावर ठेवला आणि थोड्या वेळाने तो समेवर पडू लागला. अभंग संपेपर्यंत मी मागचं झाकण लावलं नाही.