काकीचे ताट

आमच्या घरी बांगड्याचे हुमण चुलीवरून उतरण्यापूर्वी कोणाला तरी स्वयंपाकघरातून हाक येते. थेंबभर हुमण तळहातावर घेऊन मीठ पाहावयाचे व काकीला सांगावयाचे, हा लहानपणापासून माझा मान आहे. काकी स्वतः चव घेत नाही. १९८१ साली काका गेले, त्या दिवसापासून तिने मासळी सोडली. मासळी शिजविणे मात्र तिला सोडता आले नाही. फोंड्याजवळच्या आमच्या गावात ही गोष्ट इतकी रूढ होती की तीत काही विपरीत आहे, असे मला पुष्कळ वर्षे वाटलेच नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी तिचे तळपाय जळू लागले. रात्री दिवा मालवला की आग सुरू होई. पांघरुणाचा स्पर्शदेखील तिला सोसवत नसे. मग ती उठून ओसरीच्या गार लादीवर पाय टेकून पहाटेपर्यंत बसे. काशाच्या वाटीने तूप चोळून झाले, कोकमाचे तेल झाले, मेथ्यांचे पाणी झाले. मधुमेह पंधरा वर्षांचा जुना. दोष त्याचाच, असे ठरवून आम्ही मोकळे झालो आणि तिच्या ताटातील भात कमी करीत गेलो. सकाळच्या उकड्या तांदळाच्या पेजेऐवजी नाचण्याची आंबील आली. साखर उतरली, पण पाय जळतच राहिले. पुढे चालताना तिचा तोल जाऊ लागला. एकदा तर देवळाच्या वाटेवर पायातील चप्पल गळून पडली, ती घरी पोहोचेपर्यंत तिला कळली नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासविले. ब-१२ हे जीवनसत्त्व दोनशेच्या वर हवे, ते एकशे चाळीस निघाले. मधुमेहासाठी ती घेत असलेल्या मेटफॉर्मिनच्या गोळ्यांनी त्याचे शोषण मंदावते; वयपरत्वे पोटातील आम्ल घटते, त्यानेही ते मंदावते; आणि ते कमी पडले की मज्जातंतूंवरील आवरण झिजू लागते, असे त्यांनी समजावून दिले. शेवटी त्यांनी विचारले, ‘‘या जेवतात काय?’’ त्या प्रश्नाने मी गोंधळलो. तिच्या हातचे मी जन्मभर जेवलो, पण तिच्या ताटात काय असते हे मला नीटसे सांगता येईना.

वनस्पती ब-१२ तयार करीत नाहीत. ते सूक्ष्म जंतूंचे काम. आपल्याला ते मासळी, मांस, अंडी, दूध यांतून मिळते. घाटावरच्या शाकाहारी घरात निदान दही-ताक तरी असते. आमच्या स्वयंपाकात दूध म्हणजे नारळाचे! सोलकढी दिसते दुधाळ, परंतु या कामी तिचा उपयोग शून्य. काकीचा चहासुद्धा कोरा.

मग मी वाचू लागलो आणि नवशिक्याच्या उत्साहाने बोलू लागलो. १९२६ साली अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या वैद्यांनी पांडुरोगाच्या एका प्राणघातक प्रकारात रोग्यांना रोज यकृत खाऊ घालून बरे केले. १९३४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या यकृतातील गुणकारी द्रव्य १९४८ साली वेगळे काढता आले, ते हेच. तिसऱ्यांत ते भरपूर असते, बांगड्यातही असते. हे सारे मी काकीला ऐकविले आणि म्हणालो, ‘‘औषध म्हणून तरी घे.’’

ती विळीवर नारळ खवणीत होती. हात न थांबविता म्हणाली, ‘‘चाळीसांवर वर्षं तुम्ही माझ्या हातची मासळी जेवलात. ‘काकी, तूही घे’ असं एकानं कधी म्हटलं नाही. आता पाय जळायला लागले तेव्हा म्हणता होय रे?’’

मी गप्प बसलो. दुसरे करण्याजोगे काही नव्हते.

डॉक्टरांना विचारले तेव्हा माझे वैद्यकही अर्धेच ठरले. इतकी उणीव झाल्यावर आणि शोषणच मंद असता केवळ आहाराने ती भरून निघणे कठीण, असे ते म्हणाले. इंजेक्शने सुरू झाली. आरंभी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला एक. चहात दूध आले, दुपारी वाटीभर दही आले. ते तिने विनातक्रार स्वीकारले. चार महिन्यांनी आग ओसरली आणि ती रात्रभर झोपू लागली. डाव्या पायाची दोन बोटे मात्र अद्याप बधिर आहेत. दीर्घकाळ उपाशी राहिलेला मज्जातंतू पुरता सावरेलच असे नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. त्यांनी विचारलेला प्रश्न घरातल्या कोणी दहा वर्षांपूर्वी विचारला असता तर, असे मनात येते.

गेल्या महिन्यात बाजारातून चांगले बांगडे आणले होते. अंगणात कोणाशी तरी बोलत असल्याने काकीच्या हाकेला पोहोचायला मला उशीर झाला. दारात आलो तो तिचा तळहात ओठांपाशी होता. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, ‘‘मीठ उणें पडलां,’’ आणि चिमूटभर मीठ टाकून तिने हुमण ढवळले.

जेवताना तिच्या ताटात नेहमीप्रमाणे दहीभात होता.