ईदची छुरी

बकरी ईदला महिनाभर उरला की आपल्या घरांत बोकडाच्या किमतीची चर्चा सुरू होते. चाकणच्या शनिवारच्या बाजारात भाव काय होता, यंदा हिस्सा घ्यायचा की आख्खा बोकड, चारा कोण आणणार, या सगळ्याचा हिशेब होतो. छुरीचा विषय मात्र ईदच्या आदल्या रात्री निघतो. मग माळ्यावरच्या पिशवीतून गेल्या वर्षीची छुरी बाहेर येते, तिच्यावर तांबडा गंज असतो, आणि धारवाल्याच्या शोधात मुलांना पिटाळले जाते. धारवाल्याकडे तोवर तीसजणांची रांग लागलेली असते.

आम्ही पेशाने शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवतो. पोलाद हा आमचा विषय नव्हे. पण भोसरी ते चाकण या पट्ट्यात राहून पोलादापासून दूर राहता येत नाही. आमच्या वर्गातील मुलांचे वडील टर्नर, फिटर, ग्राइंडर, हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवरचे कामगार आहेत. पालकसभेत मुलाच्या गुणांबद्दल बोलून झाले की आम्ही त्यांना त्यांच्या कामाबद्दल विचारतो. पुढे लिहिले आहे त्यातील बरेचसे त्यांच्याकडून, एका बुजुर्ग कुरेशी चाचांकडून आणि रस्त्याकडेला भाता मांडून बसणाऱ्या एका घिसाडी कुटुंबाकडून शिकलेले आहे.

आधी दीनची बाजू पाहू. हजरत शद्दाद बिन औस (रजि.) यांची ‘सहीह मुस्लिम’मधील रिवायत आपण प्रत्येक ईदच्या खुतब्यात ऐकतो. तिचा आशय असा की, अल्लाहने प्रत्येक गोष्टीत उत्तम वर्तन बंधनकारक केले आहे. जनावर जबह करतानाही. म्हणून छुरीला धार लावावी आणि जनावराला आराम द्यावा. जनावराच्या डोळ्यांसमोर धार लावू नये, एकासमोर दुसरे जबह करू नये, हेही आपल्याला शिकवलेले आहे. म्हणजे धारदार छुरी हा सोयीचा प्रश्न नाही. कुर्बानीच्या अदबीचा तो भाग आहे.

पण छुरी महाग असावी असे कुठेही सांगितलेले नाही. ‘सहीह बुखारी’त मदीनेजवळच्या सलअ डोंगरावरचा प्रसंग आहे. हजरत काब बिन मालिक (रजि.) यांची बकरी मरणाला टेकली होती. राखणाऱ्या दासीने दगड फोडून त्याच्या धारदार कपरीने तिला जबह केले. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना विचारले गेले, तेव्हा त्यांनी ते मांस खाण्याची परवानगी दिली. दुसऱ्या एका हदीसमध्ये दात आणि नख वगळता रक्त वाहवणारे कोणतेही धारदार साधन चालते असे आले आहे. साधन साधे असले तरी चालते, बोथट असून चालत नाही.

आता आपल्या पट्ट्यातील एक अनुभव. दोन-तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या इमारतीतील एका तरुणाने ऑनलाइन ‘शिकारी चाकू’ मागवला. चांगला पगार असलेला, होतकरू मुलगा. चाकू दिसायला देखणा होता. काळा मुलामा, पाठीवर करवतीचे दाते, पोकळ मुठीत होकायंत्र. आपल्या देशात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली, तेव्हा असा चाकू घेऊन जायचे तरी कुठे? त्याचे मैदान म्हणजे आपले ईदचे अंगण. त्या सकाळी चाकू मानेवर ठेवला आणि कातडीवरून नुसता घसरला. कुरेशी चाचांनी त्या मुलाचा हात धरून बाजूला केला, कमरेच्या फडक्यातून आपली काळपट छुरी काढली आणि एका ओढीत काम पूर्ण केले. नंतर हात धूत ते त्या मुलाला म्हणाले, “बेटा, बकरे को चमक नहीं, धार होना.” मुलगा रडवेला झाला होता. त्याच्या मनात दुखवण्याचा हेतू नव्हता; पण जनावराला हेतू कळत नाही.

चाचांची ती छुरी ट्रकच्या कमानीच्या पाट्यापासून घडवलेली आहे. तिला पंचवीस वर्षे झाली आणि ती घेताना एका दिवसाच्या मजुरीहून जास्त खर्च आला नव्हता. असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे.

लोखंडाला धार टिकवण्याची ताकद मुख्यतः त्यातील कार्बनमुळे येते. खिडकीच्या गजांचे साधे लोखंड घेतले तर त्यात कार्बन ०.२ टक्के किंवा त्याहूनही कमी असतो. ते कितीही घासा, धार लगेच मोडते. ट्रकच्या पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो, शिवाय सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम. खड्ड्यांवर लाखो वेळा वाकून पुन्हा सरळ होण्यासाठीच ते बनवलेले असते. म्हणून त्याची छुरी चिवट होते, तुटत नाही. स्टेनलेस म्हणवणाऱ्या पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते, त्यामुळे गंज लागत नाही. चांगले स्टेनलेसही असते, परंतु स्वस्त संचांत कार्बन कमी असलेला प्रकार वापरतात. तो चमकतो खूप, कापतो थोडे.

तिसरा प्रकार आपल्या औद्योगिक पट्ट्याचा खास. कारखान्यांत लोखंडी गज कापणाऱ्या पॉवर हॅक्सॉची जाड पाती झिजली की भंगारात जातात. ती हायस्पीड स्टीलची असतील तर त्यांची छुरी फार कडक होते आणि धार महिनोन्‌महिने टिकते. मात्र हे पोलाद ठिसूळ असते. त्याची सुरी चालेल, सत्तूर नको. हाडावर घाव घातला तर तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. सत्तुराला पाट्याचेच पोलाद हवे.

नुसते पोलाद चांगले असून भागत नाही, त्याला पाणी नीट पाजले गेले पाहिजे. घिसाडी कुटुंबाकडे हे काम पाहण्यासारखे असते. पुरुष सांडशीत पाते धरतो, बाई घण मारते. ती लाल पाते चुंबकाला लावून बघते. सुमारे ७७० अंशांवर लोखंडाला चुंबक धरत नाही, त्यावरून ताव ओळखतात. आणखी थोडे तापवून पाते तेलात बुडवतात. मग ते काचेसारखे कडक आणि तसेच ठिसूळ होते. म्हणून ते घासून उजळ करतात आणि पुन्हा मंद शेकतात. दोनशे अंशांच्या पुढे पात्यावर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढतो, तिथे थांबायचे. त्या बाईंनी आम्हाला एका वाक्यात सांगितले, “गुरुजी, पानी जास्त झालं तर मोडंल, कमी झालं तर वाकंल.” बीएडला आम्ही जे अध्यापनशास्त्र शिकलो, त्यातलेही बरेचसे या वाक्यात येते.

छुरी विकत घेताना परीक्षा कशी करावी? नवी बारीक कानस धारेवर हलकेच फिरवून पाहा. कानस सरकली, चावली नाही, तर पाते कडक आहे. पाते थोडे वाकवून सोडा. सरळ परत आले पाहिजे. मूठ पाहा. पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असावे आणि रिव्हेटने पक्के केलेले असावे. हात रक्ताने, चरबीने ओला होतो, तेव्हा गुळगुळीत प्लॅस्टिकची मूठ निसटते. लाकडी, किंचित खडबडीत मूठ बरी.

एकाच छुरीने सगळी कामे करू नयेत. जबहसाठी सरळ, लांब पाते. बोकडाला सात-आठ इंच पुरते. श्वासनळी, अन्ननलिका आणि दोन्ही शिरा एका ओढीत कापल्या जाव्यात एवढी लांबी हवी, टोकाची गरज नाही. कातडे सोलायला चार-पाच इंचांचे, पोटाकडे गोलाई असलेले पाते घ्यावे; टोक बोथट असले तर कातड्याला भोक पडत नाही आणि ज्या मदरशाला ते द्यायचे त्यांना त्याची किंमत मिळते. हाडांना सत्तूर. अशा तिन्ही वस्तू मिळून ऑनलाइनच्या त्या एका चाकूपेक्षा कमी पैशांत होतात.

धार लावण्याचे काम घरी करता येते. दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. कोन किती ठेवायचा, हे आम्ही मुलांना कागदावर दाखवतो. कागदाचा काटकोन एकदा दुमडला की ४५ अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. पाते दगडावर त्या घडीइतके, किंवा सुरीसाठी त्याहून किंचित कमी उचलायचे. सत्तूर असेल तर थोडे जास्त. आधी खरबरीत बाजू, मग बारीक, दोन्हीकडून सारखे हात. वर्तमानपत्राचा कागद हातात धरून धारेने सरळ कापला गेला की झाले. ग्राइंडरवर धार लावून घेत असाल तर लक्ष ठेवा. ठिणग्यांच्या नादात धार निळी पडली तर तिथले पाणी उतरले असे समजा. पाट्याच्या छुरीची धार मग टिकत नाही. धारवाल्याला मधूनमधून पाते पाण्यात बुडवायला सांगा.

ही गोष्ट केवळ पुरुषांची नाही. ईदच्या दिवशी जबह होते काही क्षणांत, पण त्यानंतर दुपारपर्यंत मांस कापत, हिस्से करत बसतात त्या आपल्या घरातील बायका. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती निसटते आणि बोट कापते. अम्मी, खाला, सूनबाई यांच्या हाती चांगली धारेची सुरी देणे हेही त्या रिवायतीत सांगितलेल्या उत्तम वर्तनात बसते, असे आम्हाला वाटते.

आणखी एक बाजू आहे, ती गांभीर्याने घ्यावी. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेले आहेत. आपली छुरी कामाची वस्तू आहे, ती कामाच्या वस्तूसारखीच न्यावी. फडक्यात गुंडाळून, डब्यात किंवा पिशवीत, थेट कुर्बानीच्या जागी आणि तिथून थेट घरी. मुलांच्या हाती देऊन रस्त्याने पाठवू नये. आणि रक्ताळलेली छुरी हातात धरून फोटो काढणे, तो मोबाइलवर सगळीकडे धाडणे, हे तरुणांनी सोडून द्यावे. शेजाऱ्याचे मन दुखावते, पोलिसांचे काम वाढते आणि इबादतीचा तमाशा होतो.

काम झाल्यावर छुरी कोमट पाण्याने धुवा, लगेच पुसा, खोबरेल तेलाचे बोट फिरवा आणि सुती कापडात ठेवा. चामड्याच्या म्यानात ओल धरते. एवढे केले तर माळ्यावरच्या पिशवीतून पुढल्या वर्षी गंज निघणार नाही.

शेवटी किमतीबद्दल. आम्ही स्वस्त छुरीची बाजू मांडली, याचा अर्थ कारागिराची मजुरी पाडून घ्यावी असा नव्हे. चिखलीच्या कुदळवाडीतील भंगाराची गोदामे २०२५च्या फेब्रुवारीत पाडली गेली, तरी ट्रकची गॅरेजे आहेत तोवर पाटे मिळतील. घण उचलणारे हात मात्र कमी होत चालले आहेत. घिसाड्यांची मुले शाळेत येऊ लागली आहेत, आणि त्यांनी यावेच. तोवर जी बाई उन्हात बसून तुमच्यासाठी पाते घडवते, तिने मागितलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत. बोकडावर हजारो रुपये खर्च करणाऱ्याने पन्नास रुपयांसाठी तिच्याशी वाद घालावा, हे शोभत नाही. जिल्हजचा चांद दिसण्याआधीच तिच्याकडे जावे. तेव्हा तिच्यापाशी गर्दी नसते, आणि पाण्याचा ताव साधायला तिला वेळ मिळतो.