ठिगळ कुठं लावायचं?

आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं लावायचं, ही म्हण कालपासून डोक्यातून जात नाही. आजी ती बहात्तरच्या दुष्काळाबद्दल बोलताना वापरायची, म्हणजे पाऊस न पडण्याला. काल सोलापुरात सात रस्त्यावर गारांच्या माऱ्यातून आडोशाला आलेल्या एका बाईंनी तीच म्हण उच्चारली. दुपारी पारा चाळिशीपार, रात्री अंगावर चादर. पाऊस न पडला तरी आभाळ फाटलेलं आणि चैत्रात पडला तरी फाटलेलंच?

आमच्या सोलापुरानं तरी ही म्हण जपून वापरावी असं वाटतं. हे चादरी-टॉवेलांचं गाव. मागावर धागा तुटला की कामगार माग थांबवतो, गाठ मारतो, पुन्हा सुरू करतो. तुटणं हा त्याच्या रोजच्या कामाचाच भाग. म्हणीत मात्र फाटलं की हात टेकले. ही म्हण पहिल्यांदा कुणी म्हटली असेल? विणणाऱ्यानं नक्कीच नाही.

आणि खुद्द आभाळालाच हात घालायचा प्रयत्नही इथंच झाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या प्रयोगात 2018 आणि 2019च्या पावसाळ्यात सोलापूरहून विमानं उडाली. पर्जन्यछायेतल्या ढगांत त्यांनी क्षारांचे सूक्ष्म कण सोडले. बीजारोपण केलेल्या ढगांखाली सुमारे 18 टक्के जास्त पाऊस मिळाल्याचा निष्कर्ष 2023मध्ये आला. तो वाचून मला खरंच आनंद झाला होता. पण कालचा ढग त्यातला नव्हे. जमीन तापलेली, समुद्रावरून आलेलं बाष्प, वर थंड हवा. असा ढग काही तासांत उंच चढतो आणि पोटातल्या गारा खाली टाकतो. त्याला नको म्हणायची विद्या आपल्याकडे नाही.

मग ठिगळं खाली, जमिनीवरच लागतात. 2014च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीनं जिल्ह्यातली द्राक्षं, डाळिंबं, ज्वारी झोडपली. पुढच्या वर्षी केंद्रानं मदतीसाठीची नुकसानीची अट 50 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर आणली. फळपीक विम्यात गारपिटीचं नुकसान 72 तासांत कळवावं लागतं. द्राक्षबागांवर कुणी प्लास्टिकचं आच्छादन घालतं, पण तो खर्च प्रत्येकाच्या आवाक्यातला नाही, आणि वावटळीत ते आच्छादनही फाटतं. काढून रानात टाकलेल्या ज्वारीवर काय घालायचं? ती भिजली की दाणा काळा पडतो, कडबाही जातो.

आधी कळणं हेही ठिगळच, असं मी काल रात्रीपर्यंत मानत होतो. आता तेवढी खात्री नाही. अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ म्हटलेलं असतं. त्या तुरळकात आपलं शिवार आहे की शेजारचं, हे गारा पडल्यावरच कळतं. चार वेळा कडबा झाकून पाऊस आला नाही, तर पाचव्या वेळी कोण झाकेल? न झाकणाऱ्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. बेदाण्याच्या शेडवर पडदे सोडायला मात्र तासभराची सूचनाही पुरते, हेही खरं.

विजेचं तेवढं निराळं. तिथं तुरळक म्हणून सोडून देता येत नाही. शहरात बसलेल्या आपल्या हातात इशारा आधी पडतो. मोबाइलवर वीज पडण्याची आगाऊ सूचना देणारं दामिनी ॲप ठेवा, आणि इशारा दिसला की गावाकडे, रानात असलेल्या माणसाला फोन करा. झाडाखाली थांबू नका, एवढं तरी सांगा.