बारा नंबरची गोटी

अकोल्यात मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. अमरावती त्याहून फार मागे नसते. अशा दिवसांत अंगणात गाडीचं बोनेट उघडणाऱ्यानं पाने आधी सावलीत ठेवावेत. उन्हात पडलेला पाना उघड्या हातानं उचलता येत नाही. म्हणून वऱ्हाडात घरच्या घरी गाडीचं काम पहाटे साडेपाचला काढायचं आणि नऊपर्यंत आवरायचं. तेवढा वेळ बहुतेक कामांना पुरतो. काम अडतं ते वेगळ्याच कारणानं. सहा वाजता कळतं, की लागणारा नेमका पाना पेटीत नाही, आणि हार्डवेअरची दुकानं दहाच्या आत उघडत नाहीत.

माझी गाडी मारुती ८००. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत तिनं देशातल्या मध्यमवर्गाला चारचाकी चालवायला शिकवलं, आणि माझ्यासारख्या काहींना ती उघडायलाही शिकवलं. तीन सिलिंडरचं ७९६ सीसीचं इंजिन, बोनेटखाली हात घालायला पुरेशी जागा, आणि दर्यापूर-अकोटसारख्या तालुक्याच्या गावीही मिळणारे सुटे भाग. वाचून, विचारून, मिस्त्रीच्या शेजारी उकिडवं बसून तिचं बहुतेक काम शिकता येतं. इतकी वर्षं हे काम केल्यावर माझं ठाम मत झालं आहे, की घरी दुरुस्ती करणाऱ्याला ज्ञान कमी पडत नाही, हत्यार कमी पडतं. आणि हत्यार नसताना तो काय करतो, यावरूनच त्याची पारख होते.

वऱ्हाडातल्या जुन्या घरातली पान्यांची पेटी उघडून पाहा. तिच्यात त्या घरातल्या सगळ्या गाड्यांचा इतिहास सापडतो. शेतीवाल्याकडे एकेकाळी जीप असायची. तिचे नट-बोल्ट इंची मापाचे, म्हणून पेटीत सात-सोळांश, अर्धा आणि नऊ-सोळांश इंचाचे पाने. त्यानंतर कोणी फियाट घेतली असेल, तर मिलिमीटरचे पाने आले आणि त्यात तेरा नंबर सगळ्यात जास्त झिजलेला. मारुती जपानी घराण्याची. तिच्यात दहा, बारा, चौदा आणि सतरा हे चार आकडे पुन्हा पुन्हा येतात. आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचं डोकं युरोपी पद्धतीत तेराचं असतं, जपानी पद्धतीत बाराचं. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तो पाना बाराच्या डोक्यावर अलगद बसतो, बसला असं वाटतं, आणि जोर लावताच कोपरे सोलून निघतो. पेटी भरलेली असते आणि तरी तिच्यात कामाचा पाना नसतो. घरी काम करणाऱ्याची सगळ्यात मोठी चिडचिड ही आहे.

आता खारपाण्याचं सांगतो, कारण आमच्याकडच्या गाड्यांचं निम्मं दुखणं तिथून येतं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा या जिल्ह्यांमधून खारपाणपट्टा पसरला आहे. इथल्या भूजलात इतके क्षार, की ते धड पिण्याचं नाही आणि धड ओलिताचं नाही. पण उन्हाळ्यात रस्त्यात गाडी गरम झाली की माणूस जवळच्या हापशाचंच पाणी आणून रेडिएटरमध्ये ओततो. त्या वेळी दुसरा इलाजही नसतो. घरी आल्यावर ते पाणी काढून टाकायचं राहून जातं, आणि तिथून पुढचं काम क्षार करतात.

त्या पाण्याच्या वाटेवरच्या थर्मोस्टॅटवर ॲल्युमिनियमचं झाकण असतं आणि ते पोलादी बोल्टांनी आवळलेलं असतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट पाणी, की ॲल्युमिनियम गंजू लागतं. त्याचा पांढरा भुगा मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आट्यांमध्ये ठासून बसतो. बाहेरून बोल्ट चांगला दिसतो, आतून तो झाकणाशी एकजीव झालेला असतो. माझ्या गाडीचा असाच एक बोल्ट अडला, तेव्हा ओळखीचे मिस्त्री बाजूला उभे होते. त्यांनी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचा हलका ठोका मारला, आवाज ऐकला आणि म्हणाले, “भाऊ, याच्यावर जोर काढसान त मुंडकं हातात येईन. आज तेल पाजा, उद्या सकायी पाहू. आन् सहा कोनाची गोटी आना, रिंगनं हात नोका लावू.”

त्या तीन वाक्यांत अख्खी कार्यशाळा आहे. आपल्याकडच्या सेटमधल्या रिंग पान्याला बहुधा आतून बारा कोन असतात. अडचणीच्या जागी थोडं थोडं फिरवायला ते सोयीचं, पण त्याची पकड बोल्टच्या कोपऱ्यांजवळ पडते. सहा कोनांची गोटी, म्हणजे सॉकेट, बोल्टच्या सपाट बाजूंना धरते. नव्या बोल्टवर हा फरक जाणवतही नाही, गंजलेल्या बोल्टवर तोच सगळं ठरवतो. पण सहा कोनांची बारा नंबरची गोटी आणायला गेलो, तर दुकानात एकच उत्तर मिळालं: सुटी मिळत नाही, पूर्ण सेट घ्या. सेट पाहिला तर तोही बारा कोनांचा. शेवटी अमरावतीच्या इतवाऱ्यात जुन्या लोखंडाच्या ढिगात मला हवी ती गोटी सापडली. काळी पडलेली, पण आतले सहाही कोन धारदार.

नंतरचं काम घाईचं नाही. आट्यांच्या मुळाशी पातळ तेल सोडून रात्रभर ठेवायचं. सकाळी झाकणाला चांगली ऊब द्यायची. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक बोल्टपेक्षा किंचित जास्त मोठं होतं. मग गोटी पूर्ण खोल बसवायची, टॉमी, म्हणजे गोटी फिरवायचा दांडा, दोन्ही हातांनी सरळ धरायची, आणि बोल्ट सोडवण्याआधी केसभर आवळायचा. गंजाचा थर तिथे पहिल्यांदा तुटतो. त्यानंतर उलट दिशेला एकसारखा, न झटकता जोर. सुटणारा बोल्ट ‘टक्’ असा कोरडा आवाज देतो आणि हात हलका होतो. तसा आवाज न येता पाना रबरासारखा मऊ फिरू लागला, तर बोल्ट सुटत नसून पिळवटतो आहे, आणि त्या क्षणी थांबायचं. हा फरक पुस्तकात वाचून कळत नाही, तळहाताला कळतो. पण तळहाताला तो कळण्यासाठी पाना नेमका असावा लागतो. सैल पान्यातून बोल्टची खबर हातापर्यंत पोचत नाही. योग्य हत्यार जोर लावण्याच्या कामी येतंच, ते ऐकण्याच्याही कामी येतं, हे मला अशा कामांतून उमगलं.

त्या थर्मोस्टॅटबद्दलही बोललं पाहिजे. आपल्याकडे गाडी गरम होते म्हटलं की पहिला सल्ला येतो, “काढून फेका ते, आपल्या गरमीत काय कामाचं?” हा सल्ला बोल्ट सोडवण्याच्या त्रासातून जन्मला असावा असं मला वाटतं, कारण एकदा काढून फेकलं की पुन्हा उघडायला नको. पण थर्मोस्टॅट ठीक असेल, तर तो गाडी गरम करत नाही. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. तेवढं तापमान होईपर्यंत तो बंद राहतो आणि नंतर आतलं मेण प्रसरण पावून वाट मोकळी करतो. तो काढला की इंजिन नीट तापायलाच वेळ घेतं, पेट्रोल जास्त खातं आणि ऑइलमध्ये गाळ साचतो. तो खराब आहे का, हे घरी तपासता येतं. पातेल्यात पाणी तापत ठेवायचं, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्यानं लोंबता सोडायचा, शेजारी थर्मामीटर धरायचा आणि तो केव्हा उघडतो ते बघायचं. उघडत नसेल तर बदलायचा. मग डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरायचं. खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यानं तर डिक्कीत डिस्टिल्ड पाण्याचा एक कॅन कायमचा ठेवावा. पुढच्या दहा वर्षांचे अडलेले बोल्ट त्या कॅनमुळे टळतात.

काही हत्यारं मात्र बाजारात शोधण्यापेक्षा घडवलेली बरी. त्याचं उदाहरण आमच्या रस्त्यानंच दिलं. अमरावती-अकोला महामार्गानं जून २०२२ मध्ये विक्रम केला. लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरली गेली आणि गिनीज बुकात तिची नोंद झाली. त्याआधी बरीच वर्षं हा रस्ता उखडलेला होता. त्यावरून मूर्तिजापूरला नियमित जाणाऱ्याच्या गाडीचे लोअर आर्मचे बुश टिकत नसत. हे रबरी बुश बसवायला प्रेस लागतो आणि प्रेस घरात कोणाकडे असणार? हातोडीनं ठोकला तर बुश वाकडा बसतो आणि लवकर फाटतो. तेव्हा एक लांब, बारीक आट्यांचा बोल्ट, जाड वायसर आणि बुशच्या बाहेरच्या मापाचा पाइपचा तुकडा, एवढं जमवायचं. बोल्ट आरपार घालायचा, एका बाजूला पाइप, दुसऱ्या बाजूला नवा बुश, आणि नट सावकाश आवळत जायचं. बुश सरळ आणि शांतपणे आत ओढला जातो. पाइप मापात कापून देणारा लेथवाला एमआयडीसीत सापडतो, आणि एकदा घडवलेला हा सरंजाम अनेक वर्षं चालतो. याला लोक जुगाड म्हणतात, मला ते पटत नाही. जुगाडात चुकीच्या वस्तूकडून काम उरकून घेतलेलं असतं. इथे कामाला काय हवं याचा नीट विचार करून हत्यार तयार झालेलं आहे.

जे विकत घेणं परवडत नाही आणि घडवताही येत नाही, ते मागावं लागतं. मिस्त्री आपल्या गोट्यांचा सेट उसना देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. दहा नंबरची गोटी इंजिनच्या फटीत पडून एकदा हरवली, की त्यांचा दिवसाचा रोज अडतो. पण पुलर, कॉम्प्रेशन गेज, टॉर्क रेंच यांसारखी कधीमधी लागणारी हत्यारं ते विश्वासावर देतात. ती वेळेत आणि पुसून परत करायची. टॉर्क रेंचचा काटा सैल करून द्यायचा, म्हणजे आतली स्प्रिंग दाबलेली राहत नाही. या देवाणघेवाणीतून माझं मिस्त्रींशी नातं बदललं. घरी अडून पाहिलेल्या माणसाला मजुरीचा आकडा कशाचा असतो ते समजतं. मग तो घासाघीस करत नाही.

पुढची अडचण मात्र लेथवाला किंवा मिस्त्री सोडवू शकत नाही. नव्या गाड्यांत बिघाड संगणक सांगतो आणि त्याच्याशी बोलायला स्कॅनर लागतो. साधा स्कॅनर बिघाडाचा क्रमांक दाखवतो. पण बदललेला भाग गाडीला ओळखवून देणं, चावी जुळवणं, ही कामं बहुतेक वेळा कंपनीच्याच सॉफ्टवेअरशिवाय होत नाहीत. हाताशी पाना नसणं वेगळं आणि पाना मुद्दाम न देणं वेगळं. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानं या प्रश्नाची चौकशी केली. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची उपकरणं स्वतंत्र गॅरेजना मिळू दिली जात नाहीत, हा त्या निकालाचा गाभा. कंपन्या अपिलात गेल्या. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिनं निवडलेल्या क्षेत्रांत मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर वाहनं आणि शेतीची यंत्रंही आहेत. वऱ्हाडासाठी हे शेवटचं नाव फार महत्त्वाचं आहे. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडला आणि तो उघडायचं साधन फक्त जिल्ह्याच्या गावी असलं, तर एका दिवसाची वाफ, म्हणजे पेरणीजोगी ओल, जाते. गेलेली वाफ परत येत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. गावागावांत शेतकऱ्यांसाठी कृषी अवजारे बँका उभ्या राहिल्या आहेत, पेरणी यंत्रापासून रोटाव्हेटरपर्यंत सगळं तिथे भाड्यानं मिळतं. तशीच सोय वाहनांच्या हत्यारांसाठी अमरावती आणि अकोल्यात व्हावी. दोन्ही शहरांतल्या शासकीय आयटीआयमध्ये कार्यशाळा आहेत, व्हाइस आणि प्रेस आहेत, शिकवणारी माणसं आहेत. सुटीच्या सकाळी त्या कार्यशाळा नाममात्र भाड्यानं खुल्या कराव्यात. तिथे टॉर्क रेंच, पुलर, स्प्रिंग कॉम्प्रेसर, कॉम्प्रेशन गेज, एक चांगला स्कॅनर आणि सुट्या मिळणाऱ्या सहा कोनांच्या गोट्या असाव्यात. शिकणाऱ्या मुलांना खऱ्या गाड्या हाताळायला मिळतील, आणि घरी काम करणाऱ्याला चुकीच्या पान्यानं बोल्टचं डोकं सोलण्याची वेळ येणार नाही. स्वतःच्या गाडीला हात लावायची हौस आणि हिंमत आमच्याकडे पुष्कळ लोकांना आहे. त्यांना नेमकं हत्यार मिळालं, की उरलेलं ते शिकून घेतील.