तीन फुटांचा पॅसेज

घराला रंग द्यायचा ठरला की प्रत्येक खोलीविषयी घरातल्या कुणाचे ना कुणाचे मत असते. स्वयंपाकघराविषयी पत्नीचे, अभ्यासाच्या खोलीविषयी मुलीचे, पुस्तकांच्या भिंतीविषयी माझे. गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या बजाजनगरच्या घराचे काम काढले, तेव्हा एका जागेविषयी मात्र कुणी काही बोलेना. मुख्य दारापासून बैठकीच्या खोलीपर्यंत जाणारा, तीन फूट रुंद आणि नऊ फूट लांब असा तो पॅसेज. रंगाऱ्याने विचारले, "सर, इथं काय करायचं?" आणि आम्ही तिघेही एकमेकांकडे पाहत राहिलो.

या जागेसाठी आपल्या आजच्या बोलीत नाव नाही. 'मार्गिका' हा शब्द कागदावरच राहतो, 'बोळ' म्हणावे तर तो घराबाहेरचा, म्हणून आपण 'पॅसेज' म्हणतो. जुनी मराठी या बाबतीत दरिद्री नव्हती. ओसरी, पडवी, सोपा, देवडी, ढाळज असे कितीतरी शब्द घर आणि बाहेर यांच्या मधल्या जागेसाठी होते आणि त्यांतले भेद बोलणाऱ्याला ठाऊक होते. महानुभावांच्या गद्यात 'पटिसाळ' भेटते. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले त्या जागांची नोंद करणाऱ्या 'स्थानपोथी'त कोणती वास्तू कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हेही श्रद्धेने टिपलेले आहे. माणसाची आठवण जपायची तर तो कुठे बसत होता हे जपावे लागते, ही समज त्या पोथीमागे आहे असे मला नेहमी वाटते.

माझ्या आजोळी, पैठण तालुक्यात, माळवदाचे घर होते. दारातून आत शिरले की ढाळज. दोन्ही बाजूंना ओटे, भिंतीत कोनाडे, लाकडी खुंट्यांना अडकवलेली दावी आणि घोंगडी. आलेला माणूस आधी तिथे टेकायचा, पाणी प्यायचा, मग घरात यायचा. या ढाळजेविषयी गहिवरून लिहिण्याचा मोह मला अनेकदा झाला आहे. पण ज्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभे राहिले आणि 'अस्मितादर्श' निघाले, तिथे साहित्य शिकवणाऱ्याला तो मोह आवरावा लागतो. ढाळज ही स्वागताची जागा होती तशी चाळणीचीही होती. कुणी ओट्यावर बसायचे, कुणी उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि कुणी अंगणाच्याही अलीकडे यायचे नाही, हे सारे तिथेच ठरत असे. गड्याला पाणी वरून ओतलेले मी लहानपणी पाहिले आहे. पाहिले, आणि त्यात काही वावगे आहे असे तेव्हा वाटले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

१९८५ साली महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' रंगभूमीवर आले आणि त्याच वर्षी वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. हा निव्वळ योगायोग आहे, पण शिकवताना मला तो उपयोगी पडतो. एकीकडे वाडा खचत होता, दुसरीकडे खेड्याखेड्यांतून माणसे औद्योगिक वसाहतीत येत होती. माझे वडील, अण्णा, त्यांतलेच एक. ते परिसरातल्या एका कंपनीत यंत्रावर लागले. पुढे प्लॉट घेऊन घर बांधले तेव्हा नकाशा त्यांनी स्वतःच काढला. पॅसेज तीन फुटांचाच का, असे मी एकदा विचारले होते. म्हणाले, "रात्री स्कूटर आत घ्यायची तर हँडल भिंतीला लागायला नको." आमच्या ढाळजेचे माप असे स्कूटरच्या हँडलने ठरले. शेजारी कोण कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा, हे त्या पॅसेजने विचारले नाही. पाळी संपवून आलेला कुणीही तिथल्या स्टुलावर बसून बूट काढी आणि आत येई. आषाढीला छोट्या पंढरपूरला पायी निघालेली माणसे दारात थांबत, तेव्हा अण्णा त्यांना आत बोलावून त्याच स्टुलावर बसवत आणि पाणी देत.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी अण्णांना विस्मरणाचा आजार जडला. पहाटे साडेपाचला ते उठत, डब्याची रिकामी पिशवी घेत, बूट घालत आणि पॅसेजमध्ये येऊन बसत. "बस आली का रे?" सुरुवातीला मी समजावत असे, "अण्णा, तुम्ही रिटायर झालात." ही बातमी त्यांना रोज नवी असे आणि रोज त्यांचा चेहरा उतरे. मग मी समजावणे सोडले. एकदा ते मुख्य रस्त्यापर्यंत पोचले. ट्रकच्या वर्दळीतून एका रिक्षावाल्याने त्यांना घरी आणले. त्या दिवशी दाराला अगदी वर, त्यांचा हात पोचणार नाही अशी, मी एक कडी बसवली.

कडी त्यांना दिसू नये म्हणून दारावर पडदा लावला. अशा रुग्णांच्या घरी दार झाकण्याचा उपाय सुचवला जातो आणि तो लागूही पडतो. आरसा होता तोही काढला, कारण अण्णा आरशातल्या माणसाला आदराने विचारत, "आपली कोणती पाळी?" आरशामुळे असे रुग्ण घाबरतात असे वाचले होते. अण्णा घाबरत नव्हते, खरे तर त्यांना सोबत मिळत होती. घाबरलो होतो आम्ही. फुलांचा तो पडदा पाहून येणारेजाणारे म्हणत, "पॅसेज छान सजवलाय." इतक्या वर्षांत आम्ही त्या जागेची पहिल्यांदा सजावट केली ती कडी लपवण्यासाठी.

मिखाईल बाख्तिन यांनी कादंबरीतल्या स्थळकाळाविषयी लिहिताना उंबरठ्याचा स्वतंत्र विचार केला आहे. दस्तयेव्हस्कीच्या कादंबऱ्यांत उंबरठा, जिना, दाराआतली जागा, बोळ इथेच माणसे कोसळतात, सावरतात, निर्णय घेतात, आणि तिथला काळ जणू एका क्षणाचा असतो, असे त्यांचे म्हणणे. मी हे वर्गात अनेक वर्षे शिकवत आलो. अण्णा स्टुलावर बसून न येणाऱ्या बसची वाट पाहत होते, तेव्हा मला ते एकदाही आठवले नाही. आता आठवते, आणि बाख्तिनमध्ये थोडी भर घालावीशी वाटते. उंबरठ्यावर निर्णय घेणारा आणि उंबरठ्यावर अडवला गेलेला, ही दोन वेगळी माणसे असतात. कडी बसवली नसती तर अण्णा कदाचित रस्त्यावरच गेले असते, हे मी जाणतो. तरीही आजोळच्या ढाळजेने जे केले, तेच मी प्रेमापोटी केले. कुणी कुठपर्यंत यायचे आणि जायचे, हे त्याला न विचारता ठरवले.

अण्णा २०२२ साली गेले. पडदा आणि कडी तशीच राहिली. म्हणूनच रंगाऱ्याच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. मुलीने मोबाइलवर काही चित्रे दाखवली. त्यांत टेबल होते, उंच फुलदाणी होती, पिवळे दिवे होते. पण तीन फुटांत टेबल ठेवले की माणसाने आडवे होऊन चालायचे. शेवटी पत्नीच म्हणाली, "आधी ती कडी काढा. रंगाचं मग बघू."

कडी काढली. स्क्रूची छिद्रे लांबीने बुजवली. भिंतीला फिकट पिवळा रंग दिला, एका बाजूला चपलांचे अरुंद कपाट, वर चार खुंट्या आणि आरसा पुन्हा जागेवर. स्टूल ठेवायचे की नाही यावर थोडी चर्चा झाली, मग ठेवले. त्यावर आता बहुतेक वेळ माझे हेल्मेट असते. पार्सल घेऊन येणारा मुलगा अजूनही उंबऱ्याबाहेरच उभा राहतो. "आत ये, टेक जरा," असे मी म्हणून पाहिले, पण त्याला घाई असते. या आषाढीला मात्र दार सकाळपासून उघडे ठेवले होते.

काढलेली कडी टाकून द्यावी की ठेवावी, हे ठरलेले नाही. सध्या ती माझ्या टेबलाच्या खणात आहे.